मेंदूतल्या तारा आणि अडतदुकानातला हिशेब

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडतदुकान आहे. ९ वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. आता दर तीन तासांनी सिंडोपा घ्यावी लागते. शिवाय पॅसिटेन आणि अमँटाडिनही चालू आहे. गोळी लागली की अंग वळवळते आणि उतरली की पाय जमिनीला खिळतात. मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूत तारा बसवण्याची, म्हणजे डीबीएसची, शस्त्रक्रिया सुचवली असून त्यासाठी पुण्याला जायला सांगितले आहे. मुलगा म्हणतो, लगेच करू. माझे दीर म्हणतात, मेंदूला हात लावला की माणूस कामातून जातो. आमच्या नात्यातले एक गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर चालू लागले, पण तेव्हापासून गप्पच झाले. यजमानांचे सगळे आयुष्य बोलण्यावर आणि तोंडी हिशेबावर गेले आहे. गेल्या वर्षभरात त्यांना जुन्या शेतकऱ्यांची नावे पटकन आठवत नाहीत, बेरीज दोनदा करावी लागते. रात्री झोपेत ओरडतात. संध्याकाळी एकदोनदा त्यांनी "दारात कोण बसलंय?" असे विचारले, तेव्हा दारात कोणीच नव्हते. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहीत आहे. शस्त्रक्रियेने त्यांची बुद्धी जाईल का?
— एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर काय होईल हा आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. ते म्हणजे दारात बसलेल्या माणसाचे. त्याकडे मी येणारच आहे. आधी तुमच्या दिरांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते अगदीच निराधार नाही, फक्त त्याचा काळ मागे पडला आहे.

गेल्या शतकाच्या मध्यावर पार्किन्सन्ससाठी मेंदूवर ज्या शस्त्रक्रिया होत, त्यांत मेंदूच्या आतल्या एका लहानशा भागातील पेशी कायमच्या नष्ट केल्या जात. एका बाजूला हे केल्यास पुष्कळांना कंपातून आराम पडे. पण दोन्ही बाजूंना केल्यास वाचा, गिळणे आणि विचारशक्ती यांवर आघात होण्याचा धोका मोठा असे, आणि एकदा झालेले नुकसान परत भरून काढता येत नसे. "माणूस कामातून जातो" ही समजूत बहुधा त्या काळातून आलेली असावी. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ साली बेनाबीद आणि पोलाक या डॉक्टरांनी वेगळा मार्ग दाखवला. पेशी जाळण्याऐवजी तिथे बारीक तार ठेवून तिच्यातून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा अगदी सूक्ष्म विद्युतस्पंद सोडले, तर तोच परिणाम मिळतो आणि नको असेल तेव्हा तो थांबवताही येतो. १९९३ मध्ये त्याच गावी सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या भागात अशा तारा बसवण्यास सुरुवात झाली, आणि आज पार्किन्सन्ससाठी जी शस्त्रक्रिया सर्वाधिक केली जाते ती हीच. तारेची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते, तिचे दुसरे टोक त्वचेखालून मानेतून खाली येते आणि छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडलेले असते.

तेव्हा मेंदूचा भाग "काढत" नाहीत, हे दिरांना सांगा. मात्र त्यापुढे जाऊन "काहीच धक्का लागत नाही" असे कोणी सांगत असेल, तर तेही मान्य करू नका. माझी तक्रार खरे तर याच दुसऱ्या प्रकारच्या सांगण्याबद्दल आहे, कारण त्याचा अनुभव मी घरात घेतला आहे. माझ्या थोरल्या काकांची ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्हाला रक्तस्रावाचा धोका सांगितला, जंतुसंसर्गाचा सांगितला, बॅटरीचा खर्च सांगितला. बोलण्यावर आणि शब्द सुचण्यावर परिणाम होऊ शकतो, हे कोणीही सांगितले नाही, आणि आधीची बौद्धिक चाचणीही केली नाही. काकांचे पाय मोकळे झाले, पण संभाषणात ते मागे पडू लागले. हे शस्त्रक्रियेने झाले की आजाराने, यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला. त्याचे उत्तर कधीच मिळाले नाही, कारण आधी ते कसे होते याची नोंदच कुठे नव्हती.

आता नेमके काय होते ते पाहू. २००६ साली २८ अभ्यास एकत्र करून ६१२ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेण्यात आला. सबथॅलॅमिक भागात तारा बसवलेल्या रुग्णांत सर्वांत ठळक आणि सातत्याने दिसलेली घट एकाच क्षमतेत होती, ती म्हणजे ठरावीक वेळात शब्द शोधून काढण्याची क्षमता. त्याची चाचणी अगदी साधी असते. एका मिनिटात सुचतील तितक्या प्राण्यांची नावे सांगा, किंवा "क" पासून सुरू होणारे शब्द सांगा. शस्त्रक्रियेपूर्वी जो माणूस सोळा-सतरा नावे सांगत असे, तो नंतर कदाचित बारा-तेरा सांगतो. इतर घट, म्हणजे लक्ष चटकन एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे, मोहाचा चुकीचा प्रतिसाद रोखून धरणे, अशा गोष्टींत दिसते, पण ती सहसा लहान असते. जर्मनीत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२३ रुग्णांची तुलना करण्यात आली होती. काहींची शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांवर उत्तम औषधोपचार चालू राहिले. सहा महिन्यांनी पाहिले तर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये शब्द सुचण्याचा वेग कमी झाला होता, परंतु एकूण बौद्धिक क्षमतेच्या मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांमधील चिंता, घालमेल कमी झाली होती.

यात एक गोष्ट मला विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात सर्वांना तारा बसवल्या होत्या, मात्र काहींची यंत्रे पहिले तीन महिने मुद्दामच बंद ठेवली होती. शब्द सुचण्यातील घट दोन्ही गटांत दिसली. याचा अर्थ, ती घट निदान काही अंशी विजेमुळे नव्हे, तर तार आत जाताना होणाऱ्या सूक्ष्म इजेमुळे होत असावी. म्हणूनच तार कोणत्या मार्गाने नेली जाते याला महत्त्व आहे. ती कॉडेट नावाच्या भागातून गेली तर बौद्धिक घटीचा धोका वाढतो असे दिसले आहे, आणि अनुभवी शल्यचिकित्सक एमआरआयवर मार्ग आखताना तो भाग टाळण्याचा प्रयत्न करतात. हा प्रश्न तुम्ही पुण्यात अवश्य विचारा. प्रश्न ऐकून डॉक्टर वैतागले, तर तेही एक उत्तरच समजा.

तुम्ही हळदीच्या व्यापारातल्या आहात, म्हणून एक उदाहरण देते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, असत. आत हळद भरून तोंड बंद करून ठेवायची आणि लागेल तेव्हा उघडायचे. आठवणीच्या बाबतीत "पेवात हळद आहे का" आणि "बाहेर काढणारा किती चपळ आहे" हे दोन निराळे प्रश्न आहेत. पार्किन्सन्समध्ये आणि या शस्त्रक्रियेनंतर मुख्यतः दुसऱ्या गोष्टीत कमीपणा येतो. तुमचे यजमान एखाद्या शेतकऱ्याचे नाव पटकन सांगू शकत नसतील, पण तुम्ही "पलूसचे का?" एवढे म्हणताच त्यांना नाव, बापाचे नाव आणि गेल्या हंगामातली पोती सगळे आठवत असेल, तर पेव भरलेले आहे. उलट इशारा देऊनही आठवत नसेल, सकाळी झालेला सौदा संध्याकाळी पुसून गेला असेल, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, तर प्रश्न साठ्याचा आहे आणि मग या शस्त्रक्रियेचा विचार फार सावधपणे करावा लागतो. यांपैकी कोणते घडते हे तुम्ही घरीच पुढचे पंधरा दिवस टिपून ठेवा. तारीख, वेळ आणि त्या वेळी गोळी लागलेली होती की उतरलेली, एवढे लिहिले तरी डॉक्टरांना पुष्कळ मदत होईल.

अडत्यासाठी शब्दांचा वेग ही ऐषारामाची गोष्ट नव्हे, हे मला समजते. निवृत्त कारकुनाच्या आयुष्यात मिनिटाला चार शब्द कमी सुचल्याने फारसे बिघडत नाही. पण सौदा चालू असताना राजापुरी हळदीच्या दोन ढिगांमधला फरक तोंडाने पटवून द्यायचा असतो, तिथे ते जाणवेल. म्हणून तुमच्या घरात "बुद्धी जाईल का" या ढोबळ प्रश्नाऐवजी "दुकानातले कोणते काम त्यांना अवघड होईल आणि त्याच्या बदल्यात काय मिळेल" असा हिशेब मांडावा. मिळण्याची बाजूही मोठी आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर, शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसातून सरासरी ४.६ तास असे अधिक मिळाले, की ज्या वेळात हालचाल नीट होती आणि त्रासदायक वळवळही नव्हती. केवळ औषधांवर असलेल्यांच्या वाट्याला अशी वाढ आली नाही. त्याच अभ्यासात गंभीर दुष्परिणाम मात्र शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. जो माणूस दुपारी दोन वाजता गोळी उतरल्यामुळे गादीवरून उठू शकत नाही, त्याला तेवढे तास परत मिळणे म्हणजे अर्धा बाजार परत मिळणे होय.

आता निर्णय घेण्याविषयी, कारण याबद्दल घरच्यांशी सहसा कोणी बोलत नाही. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा भाग केवळ हालचालींचे नियंत्रण करत नाही. दोन पर्याय समोर असताना "थांब, अजून विचार कर" असा लगाम घालण्याचे कामही त्याच्याकडे आहे, आणि हालचालींच्या व विचारांच्या वाटा तिथे एकमेकींपासून काही मिलिमीटरच्या अंतरावर असतात. तिथे वीज दिली की काही रुग्ण कठीण निर्णयही घाईने घेऊ लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. काही जण क्वचित अति उत्साही होतात, रात्री झोपत नाहीत, वाट्टेल ते खरेदी करतात. बहुतेक वेळा यंत्राची मात्रा बदलल्यावर हे आटोक्यात येते. पण ज्यांच्या हाताखालून लाखांची उलाढाल जाते त्यांच्या बाबतीत तोपर्यंत मोठे नुकसान झालेले असू शकते. माझी सूचना अशी की, शस्त्रक्रिया झाली तर पहिले सहा महिने मोठ्या रकमेच्या व्यवहारावर मुलाने किंवा दिवाणजींनी दुसरी नजर टाकावी, आणि हे यजमानांशी आधीच, त्यांच्या संमतीने ठरवावे. नंतर लादलेला पहारा अपमान ठरतो. यजमान याआधी पार्किन्सन्सवरच्या प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गोळ्या घेत होते का आणि त्या काळात रमी, मटका, लॉटरी किंवा उधळपट्टी वाढली होती का, हेही आठवून पाहा. ही औषधे काही रुग्णांत असे वेड लावतात आणि शल्यचिकित्सकांना ते माहीत असणे आवश्यक असते.

तुमच्या नात्यातल्या गप्प झालेल्या गृहस्थांविषयी मी दुरून निदान करणार नाही, पण "गप्प होणे" या एका शब्दामागे तीन निराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे आवाजच क्षीण आणि अस्पष्ट होणे, विचार शाबूत असतात, शब्दही सुचतात, परंतु बाहेर पडणारा आवाज ऐकू येत नाही आणि दोनदा "काय म्हणालात?" विचारल्यावर माणूस बोलणेच सोडतो. विजेची मात्रा बदलून आणि वाचा-उपचार देऊन यात काही सुधारणा होऊ शकते. दुसरी म्हणजे वर सांगितलेली शब्द न सुचण्याची अडचण, जिथे ऐकणाऱ्याने घाई न करणे हाच मोठा उपाय आहे. आणि तिसरी म्हणजे निरिच्छता. सबथॅलॅमिक शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांचे प्रमाण बरेच कमी करता येते, अनेकदा निम्म्यापर्यंत. ती कपात फार वेगाने झाली तर मेंदूला मिळणारे डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारे रसायन, अचानक घटते आणि माणूस चालतो-फिरतो, पण त्याला कशातच रस उरत नाही. दुकान, नातवंडे, गणपतीच्या देवळाची फेरी, सगळे सारखेच. घरचे म्हणतात, "शस्त्रक्रियेने माणूस बदलला." काही वेळा गोळी थोडी वाढवल्याने तोच माणूस परत येतो. याच काळात खरे नैराश्यही येऊ शकते, आणि क्वचित ते जिवावर बेतण्याइतके खोल असते. म्हणून "जगून काय उपयोग" असे शब्द कानावर आले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी आणि इंद्रिये शाबूत राहतात असे लिहिले. हे त्यांचे निरीक्षण पुढे टिकले नाही. हा आजार हळूहळू विचारशक्तीलाही स्पर्श करतो. सिडनी येथे रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा २० वर्षांनंतर जे हयात होते त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. अलीकडच्या अभ्यासांत पहिल्या दहा वर्षांतले चित्र पुष्कळ सौम्य दिसते, पण दिशा तीच आहे. याचा अर्थ असा की शस्त्रक्रियेनंतर पाच-सात वर्षांनी विस्मरण वाढले, तर त्याचे सारे खापर तारांवर फोडता येत नाही. आणि तारा बसवल्याने आजाराची ही वाटचाल थांबतही नाही. मुलाला हे दुसरे वाक्य ऐकवा. "लगेच करू" म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा अशी आशा असते की, वडील नऊ वर्षांपूर्वीसारखे होतील.

आता दारातल्या माणसाकडे येते. नसलेली व्यक्ती किंवा प्राणी दिसणे, विशेषतः संध्याकाळच्या अंधूक उजेडात, हे पार्किन्सन्समध्ये अपरिचित नाही. परंतु ज्याच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया करायची आहे त्याच्या बाबतीत ती धोक्याची सूचना मानतात, कारण पुढील काळात बुद्धी ढासळण्याची शक्यता अशा रुग्णांत अधिक असते. तुम्ही हे मिरजेच्या डॉक्टरांना सांगितल्याचा उल्लेख पत्रात नाही. सांगितले नसेल तर उद्याच सांगा. लाजण्यासारखे किंवा "बाहेरचे" असे त्यात काही नाही, आणि त्यासाठी अंगारा-धुपाऱ्यात आठवडा घालवू नका.

अर्थात, यामागे दुरुस्त होण्याजोगे कारण असण्याची शक्यताही चांगलीच आहे. तुम्ही पॅसिटेन लिहिले आहे. त्यातील ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध कंपावर उपयोगी पडते, पण ते मेंदूतील असिटिलकोलीन या, स्मरणासाठी आवश्यक असलेल्या रसायनाला अडवते. साठीपुढच्या माणसाला त्यामुळे विसरभोळेपणा, गोंधळ आणि भास होऊ शकतात. अमँटाडिननेही भास होतात. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिली जाणारी काही औषधे आणि सर्दीच्या, झोपेच्या काही गोळ्याही याच पठडीतल्या आहेत. नावे न आठवणे आणि बेरीज दोनदा करावी लागणे यात या गोळ्यांचा वाटा किती आहे, हे त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्यावरच कळेल. कृपा करून घरच्या घरी एकदम बंद करू नका. अशी औषधे अचानक तोडली तर अंग जखडते आणि गोंधळ उलट वाढू शकतो. त्याबरोबर बी-१२, थायरॉइड, लघवीतील जंतुसंसर्ग आणि मनाची उदासी यांचीही तपासणी व्हावी. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे हा या आजाराशी निगडित झोपेचा विकार असू शकतो, त्यावर औषध आहे; रात्र शांत गेली की दिवसाची बुद्धीही थोडी उजळते. कोणी खाजकुइलीचे चूर्ण देत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यात सिंडोपातले मुख्य औषध, लेव्होडोपाच असते आणि मग मात्रेचा हिशेब चुकतो.

हे सगळे झाल्यावर बौद्धिक चाचणी करायची, आधी नाही. दहा मिनिटांची, ३० गुणांची 'मोका' नावाची चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. पण शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ तिच्यावर घेऊ नये. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे स्मरण-विचारशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, सविस्तर चाचणी करून घ्या, ती दोन-तीन तास चालते. ती मराठीतूनच व्हावी, असा आग्रह धरा. ज्याने आयुष्यभर मराठीत सौदे केले त्याला इंग्रजी किंवा हिंदी शब्दांची यादी पाठ करायला लावून "स्मरणशक्ती कमी" असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. चाचणी गोळी लागलेली असताना घ्यावी, चष्मा व श्रवणयंत्र असेल तर सोबत न्यावे, आणि अहवालाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. आमच्या काकांच्या बाबतीत जे नव्हते ते हेच. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तीच चाचणी पुन्हा केली, की घरातल्या वादाला जागा उरत नाही.

चाचणीत स्मृतिभ्रंश आढळला किंवा औषधे कमी करूनही भास चालूच राहिले, तर माझे मत शस्त्रक्रियेच्या विरुद्ध पडेल, कारण पाय चालतील पण माणूस हरवण्याची भीती खरी ठरू शकेल. अशा वेळी गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलणे आणि स्मृतीसाठी रिव्हास्टिग्माइनसारखे औषध, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. त्वचेखाली सतत औषध सोडणाऱ्या अपोमॉर्फिनच्या पंपाविषयीही डॉक्टरांना विचारता येईल, मात्र त्यानेही भास वाढू शकतात. चाचणीत फक्त थोडा वेग कमी आढळला आणि भास थांबले, तर शस्त्रक्रियेला नकार देण्याचे कारण मला दिसत नाही. ६४ हे वय आड येत नाही. सत्तरीपुढे मात्र गोंधळाचा आणि घटीचा धोका वाढत जातो, म्हणजे "दोन-चार वर्षे थांबून बघू" हाही बिनखर्चाचा निर्णय नाही. लेव्होडोपाची चाचणीही होईल. रात्रभर गोळ्या थांबवून सकाळी एक मात्रा देतात आणि हालचालीत किमान ३० टक्के सुधारणा होते का ते पाहतात. साधारणपणे गोळीने जे सुधारते तेच तारांनी सुधारते, औषधांना दाद न देणारा कंप हा त्याला मोठा अपवाद. गोळी लागलेली असतानाही तोल जात असेल किंवा बोलणे अस्पष्ट असेल, तर त्यात तारांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

तार कुठे बसवायची, हाही प्रश्न तुमच्या यजमानांच्या बाबतीत निर्णायक ठरू शकतो. सबथॅलॅमिक भागाऐवजी ग्लोबस पॅलिडस या शेजारच्या भागातही ती बसवता येते. २९९ रुग्णांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर हालचालीतील लाभ दोन्हींत सारखाच आढळला. पण डोळ्यांनी पाहून हाताने करण्याच्या कामाचा वेग सबथॅलॅमिक गटात अधिक मंदावला, आणि नैराश्याच्या मोजमापात त्या गटाची स्थिती थोडी खालावली, तर पॅलिडस गटाची थोडी सुधारली. सबथॅलॅमिक भागाचा फायदा हा की गोळ्या जास्त कमी होतात. ज्याची बुद्धी आधीच किंचित थकली आहे आणि ज्याचा मुख्य त्रास वळवळीचा आहे, अशा माणसासाठी पॅलिडसचा विचार करायला हवा असे मला वाटते. अंतिम मत अर्थातच एमआरआय आणि चाचण्या पाहणाऱ्या चमूचे. एकाच भागात तारा बसवण्याचा सराव असलेली केंद्रे दुसऱ्या भागाविषयी फारशी बोलत नाहीत, म्हणून तुम्हीच विषय काढा.

शस्त्रक्रिया झालीच, तर पहिले काही दिवस ते गोंधळलेले, वेळकाळाचे भान सुटलेले असू शकतात. हे बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत निवळते. त्या काळात दिरांना फोनवरून "बघा, मी सांगितले होते" असे म्हणण्याची संधी मिळेल. तुम्ही त्याने खचू नका, मात्र गोंधळ अचानक वाढला, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा ताप आला तर तातडीने कळवा, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकदोघांना असतो. यंत्राची मात्रा जुळवायला काही महिने लागतात, पुण्याच्या फेऱ्या होतात, आणि बुद्धी-मनाविषयीचा अंतिम हिशेब ही मात्रा स्थिर झाल्यावरच मांडायचा असतो. सांगलीत परत आल्यावर गुडघेदुखीसाठी कोणी यंत्राचा शेक, म्हणजे डायथर्मी, द्यायला निघाले तर ती अजिबात घेऊ देऊ नका. तिची उष्णता तारेवाटे मेंदूत पोहोचून जबर इजा होऊ शकते. यंत्राचे ओळखपत्र यजमानांच्या खिशात कायम असावे.

शेवटी, तुम्ही हे पत्र त्यांना न सांगता लिहिले आहे. हेतू चांगला आहे, हे मला कळते. तरीही ज्याच्या मेंदूत तार जाणार, ज्याचे शब्द कमी होणार किंवा ज्याचे तास परत मिळणार, तो माणूस अजून बेरीज दोनदा करून का होईना पण बरोबर करतो आहे, आणि त्याचा निर्णय मुलगा आणि भाऊ मिळून करत आहेत. चार शब्द कमी आणि चार तास जास्त हा सौदा पटतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आणि सवय या घरात सर्वांत अधिक त्यांनाच आहे. दारातल्या माणसाविषयीही त्यांच्याशीच बोला. आपल्याला असे दिसते हे कित्येक रुग्णांना ठाऊक असते आणि कोणी वेडा म्हणेल म्हणून ते एकटेच सोसत असतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि कुटुंबीयांचा गट आहे. शस्त्रक्रिया झालेल्या दोघा-तिघांशी, आणि त्यांच्या पत्नींशी वेगळे, बोलता आले तर माझ्या या लांबलेल्या उत्तरापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

सकाळची गोळी लागली की साधारण तासभर त्यांचे बोलणे आणि विचार सर्वांत स्वच्छ असत असतील. त्या वेळी दुकानाला निघण्याआधी हे पत्र आणि उत्तर दोन्ही त्यांच्या हातात द्या, आणि ते वाचत असताना काही समजावून सांगू नका.